पोटातली फट आणि ओटीतलं घड्याळ

गेल्या महिन्यात मावसबहिणीने व्हॉट्सॲपवर दोन कागदांचे फोटो पाठवले. दोन वेगळ्या रुग्णालयांची एस्टिमेटं, पण शस्त्रक्रिया एकच, जाहिरातींत जिला ‘मम्मी मेकओव्हर’ म्हणतात ती: बाळंतपणांनंतर सैल पडलेलं पोट आवळणं, स्तन उचलणं आणि चरबी काढणं, सगळं एकदम. एका कागदावर एकच ओळ होती, ‘पॅकेज, सर्व समाविष्ट’. दुसऱ्यावर अकरा ओळी आणि बेरीज जवळजवळ दुप्पट. खाली तिचा प्रश्न: “ताई, यातला लुटारू कोणता?”

उत्तर द्यायला मला पैशांपासून नाही, पोटापासून सुरुवात करावी लागली.

आपल्या पोटावर बरगड्यांपासून खाली जांघेच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू असतात. जिमवाले सिक्स पॅक म्हणून मिरवतात ते हेच. दोघांना मधोमध जोडणारी चिवट तंतूंची पट्टी म्हणजे लिनिया अल्बा, शब्दशः ‘पांढरी रेघ’. गर्भ वाढतो तशी ही रेघ रुंदावते आणि पातळ होते, घट्ट झालेल्या ब्लाउजची शिवण ताणली जावी तशी. बाळंतपणानंतर पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच जणींची ही स्नायूंमधली फट आपोआप कमी होते. काहींची होत नाही. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, डोकं जरासं वर उचलायचं आणि बेंबीपाशी बोटं आडवी रोवून पाहायचं. दोन बोटांहून जास्त रुंद खळगा लागला, तर स्नायू एकमेकांपासून दूर गेलेत असं समजतात. व्यायामाने स्नायू बळकट होतात, फिजिओथेरपीने पाठदुखीला उतार पडू शकतो, पण फार ताणलेली पट्टी पुन्हा पहिल्यासारखी होईलच असं नाही. कातडीचं तर त्याहून अवघड. तिच्यातले कोलॅजन आणि इलॅस्टिनचे धागे एकदा तुटले, की लोंबती घडी कितीही सूर्यनमस्कारांनी आत जात नाही. आजी सुती लुगड्याने बाळंतिणीचं पोट बांधायची, त्याने कंबरेला आधार मिळतो, उठता-बसताना बरं वाटतं. तुटलेले धागे मात्र त्याने सांधले जात नाहीत.

टमी टकमध्ये, म्हणजे पोट आवळण्याच्या शस्त्रक्रियेत, ओटीपोटाखाली एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत छेद घेतात. बहुतेकदा सिझरचा जुना व्रणही त्याच छेदात जातो. मग कातडी आणि चरबीचा थर बरगड्यांपर्यंत वर उचलतात. बेंबी तेवढी आपल्या देठावर जागच्या जागी राहते. उघड्या पडलेल्या पांढऱ्या रेघेच्या दोन्ही कडा टाक्यांनी जवळ आणत वरपासून खालपर्यंत शिवून घेतात. मग कातडी खाली ओढायची, उरलेली कापायची आणि बेंबीसाठी नवं भोक पाडायचं. या सगळ्याला साधारण दोन ते चार तास लागतात. घडी फक्त बेंबीखाली असेल, तर ‘मिनी’ शस्त्रक्रियेत काम भागतं. फट मोठी असेल, बेंबीपाशी हर्निया असेल, तर वेळ वाढतो. त्याच वेळी स्तन उचलायचे, कमरेची चरबी काढायची म्हटलं, की घड्याळ आणखी पुढे सरकतं.

दुसऱ्या एस्टिमेटच्या अकरा ओळींपैकी निम्म्याहून जास्त ओळी या घड्याळाच्या होत्या. ओटीचं, म्हणजे ऑपरेशन थिएटरचं भाडं, भूलतज्ज्ञ, भुलेची औषधं, ऑक्सिजन, मदतनीस सर्जन, सगळं तासांवर. रुग्णालयाच्या बिलात सगळ्यात महाग माल म्हणजे वेळ, आणि तो किती लागेल हे ज्याचं त्याचं पोट ठरवतं. म्हणून पोट न तपासता फोनवर सांगितलेल्या आकड्याला मी तरी फार किंमत देणार नाही.

मग तीन कामं एकत्र का करायची? कारण काही खर्च एकदाच होतात. भूल एकदा द्यायची, ओटी एकदा सज्ज करायची, रक्त-ईसीजीच्या तपासण्या एकदा, सुट्टीही एकदाच. लग्नाचा हॉल घेतलाच आहे तर साखरपुडाही तिथेच उरकावा, त्यातला प्रकार. पण हे गणित एका मर्यादेपर्यंतच चालतं. भुलेखाली शरीर स्वतःचं तापमान नीट राखू शकत नाही, त्यामुळे तासागणिक ते गार पडत जातं आणि थंड रक्त नीट गोठत नाही. उलट पायांतल्या शिरांत रक्त साचून तिथे गुठळ्या होऊ शकतात. टमी टक या बाबतीत सौंदर्यशस्त्रक्रियांमधल्या जास्त जोखमीच्यांपैकी मानली जाते. पोट आवळून शिवल्यावर आतला दाब वाढतो, पायांकडून वर येणारं रक्त रेंगाळतं आणि बाई पहिले काही दिवस वाकूनच, जपून चालते. गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जीव जाऊ शकतो. त्यामुळे पायांवर हवा भरणाऱ्या पट्ट्या, रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं, उबदार हवेचं पांघरूण हे सगळं बिलात येतं. पॅकेजच्या कागदावर यातलं काही दिसत नव्हतं. ते द्यायचं नव्हतं की नुसतं लिहायचं राहिलं, हे विचारल्याशिवाय कसं कळणार? विचारायला हवा तो प्रश्न हाच.

चरबी काढण्याचा हिशेब वेगळा. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी एक पद्धत मांडली: सलाइनमध्ये लिडोकेन हे बधिर करणारं औषध आणि ॲड्रेनलिन मिसळून ते पाणी आधी चरबीत भरपूर टोचायचं. ॲड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तस्राव एकदम कमी होतो. आजचं लायपोसक्शन या युक्तीवर उभं आहे. तरी एका बैठकीत पाच लिटरहून जास्त काढलं, तर अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन त्याला ‘मोठ्या प्रमाणावरचं’ समजतात आणि रात्रभर देखरेख ठेवायला सांगतात. रुग्णालयं याचे पैसे ‘भागांवर’ लावतात. पोट एक भाग, दोन्ही कुशी दुसरा, पाठ तिसरा. वजन कमी करण्याचा हा मार्ग नाही. वजन आधी उतरवून काही महिने स्थिर राखलेलं असलं, तर भागही कमी लागतात आणि जोखीमही कमी होते. अंगावर पाजणं थांबल्यावर सहा महिने थांबायचं कारणही असंच आहे: स्तन त्यांच्या खऱ्या आकारावर येईपर्यंत मोजमाप घ्यायचं तरी कशाचं?

स्तनांत इम्प्लांट, म्हणजे आकार देणारी सिलिकॉनची पिशवी, घालायचं असेल, तर एस्टिमेटमध्ये खऱ्या अर्थाने ‘वस्तू’ची किंमत येते, आणि स्वस्ताईचा मोह सगळ्यात घातक ठरतो तो इथे. फ्रान्समधली पीआयपी नावाची कंपनी वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनऐवजी स्वस्तातलं औद्योगिक सिलिकॉन भरत होती. २०१० मध्ये हे उघडकीला आलं तोवर ती इम्प्लांट जगभरातल्या लाखो स्त्रियांच्या अंगात होती. कंपनीच्या संस्थापकाला २०१३ मध्ये चार वर्षांची कैद झाली. इम्प्लांट चांगलं असलं तरी ते जन्मभराचं नसतं. अमेरिकेची औषध नियामक संस्था सिलिकॉनच्या इम्प्लांटसाठी पाच-सहा वर्षांनी पहिली आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफीची तपासणी सुचवते. हा खर्च कुठल्याच एस्टिमेटमध्ये नसतो. बहिणीला फक्त स्तन उचलून घ्यायचे होते, त्यामुळे ही ओळ तिच्या कागदावर नव्हतीच. तरी मी तिला हे ऐकवलं. मला राहवत नाही.

आता कर. आपल्याकडे आरोग्यसेवेला सहसा जीएसटी नाही, पण सौंदर्यशस्त्रक्रिया या सवलतीच्या बाहेर आहेत. जन्मजात दोष, वाढीतली विकृती, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेलं शरीर पूर्ववत करायचं असेल, तर माफी. या यादीत बाळंतपण नाही! त्यामुळे समजा चार लाखांचं बिल झालं, तर १८ टक्क्यांनी वर ७२ हजार. कागदावर ‘कर वेगळा’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचायचं. विमाही सहसा हात वर करतो, पॉलिसीतल्या ठरलेल्या वगळण्यांत कॉस्मेटिक शस्त्रक्रिया असतेच. अपवाद हर्नियाचा. बेंबीपाशी खरोखर हर्निया असेल, तर त्याच्या दुरुस्तीचा भाग विम्यात बसू शकतो. त्यासाठी रुग्णालयाने तेवढं बिल वेगळं दाखवावं लागतं आणि विमा कंपनीला आधी कळवावं लागतं. सगळंच हर्निया म्हणून खपवू, असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं.

सर्जनची फी हा उरलेला मोठा आकडा. एमबीबीएस, मग तीन वर्षं एमएस, त्यावर तीन वर्षं प्लास्टिक सर्जरीचं एमसीएच, इतका रस्ता तुडवलेला माणूस आणि पाटीवर नुसतं ‘कॉस्मेटिक’ लिहिणारा, यांच्या फीमध्ये फरक असणारच. पदवी आणि नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे पडताळता येते. आणि एक चाचणी स्वस्तातली आहे: हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या कक्षेत होत्या. रक्त कमी असताना लांबलचक शस्त्रक्रिया करायची नसते. आधी लोहाच्या गोळ्या, मग तारीख.

परदेशातल्या मैत्रिणींना हे सगळं इथे स्वस्त पडतं, म्हणून त्या डिसेंबरच्या तीन आठवड्यांच्या सुट्टीत उरकायला बघतात. त्यांना एवढंच सांगते की चौदा तास विमानात बसणं हाही पायांत गुठळ्या होण्याचा रस्ता आहे, आणि कातडीखाली पाणी साचलं तर ते सुईने काढायला पुन्हा त्याच डॉक्टरकडे जावं लागतं.

बहिणीने दोन्ही रुग्णालयांत फोन केले. पॅकेजवाल्यांच्या आकड्यात कर नव्हता, पोटाचा पट्टा नव्हता, रात्रीचा मुक्काम एकच होता आणि गुंतागुंत झाली तर बिल वेगळं. हे सगळं बेरजेत धरल्यावर दोन कागदांतलं अंतर निम्म्याहून कमी झालं. मग तिने अकरा ओळींचा तो कागद प्रिंट काढला आणि खाली पेन्सिलने बारावी ओळ लिहिली. सहा आठवडे जड उचलायचं नाही असं डॉक्टर म्हणालेत, आणि तिचा धाकटा अकरा किलोचा आहे. ओळ अशी: ‘बाई, पूर्ण वेळ, दोन महिने’. आकड्याची जागा अजून कोरी आहे. बाई मिळाली की भरणार.