बेडकांचे जनुकीय चिन्हक

बेडकांच्या समूहांमधील नाते, देवाणघेवाण आणि आनुवंशिक विविधता तपासण्यासाठी डीएनएमधील ज्या ठरावीक जागा खुणेसारख्या वापरतात, त्यांना जनुकीय चिन्हक म्हणतात. तळ्याकाठी बसून बेडूक मोजता येतात. पण शेजारच्या तळ्यातून इथे कोणी येते का, की सारी वीण आपसातच चालली आहे, हे मोजणीतून कळत नाही.

अशा अभ्यासात मायक्रोसॅटेलाइट फार वापरले गेले. यात डीएनएची एक ते सहा अक्षरे एकापाठोपाठ पुन्हा पुन्हा येतात आणि किती वेळा येतात ते बेडकागणिक बदलते. असे तुकडे शोधायचे, त्यांच्या दोन्ही बाजूंच्या क्रमावरून प्रायमर (तुकड्याच्या कडेला चिकटणारे डीएनएचे छोटे धागे) बनवायचे, पीसीआरने (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्राने) तुकडा वाढवायचा आणि अनेक बेडकांवर पडताळायचा, अशी ही पद्धत. पडताळणीत बरेच चिन्हक गळतात. प्रायमरच्या जागीच उत्परिवर्तन झाले असेल, तर एक अ‍ॅलील (आई किंवा वडिलांकडून आलेले त्या जागेचे एक रूप) दिसतच नाही आणि निरोगी समूहातही अंतःप्रजनन (आपसातली वीण) असल्याचा भास होतो. संवर्धनाचे निर्णय यावर ठरत असल्याने ही चूक महागात पडते.

बेडकांच्या बाबतीत काम आणखी किचकट होते. २०१० मध्ये जाहीर झालेल्या झेनोपस ट्रॉपिकॅलिस या बेडकाच्या जीनोमचा (संपूर्ण डीएनएचा) एक तृतीयांशाहून अधिक भाग जागा बदलणाऱ्या डीएनए-घटकांचा निघाला. अशा घटकांच्या अनेक प्रती असल्याने एकच प्रायमर कित्येक जागी चिकटू शकतो. शिवाय बेडकांच्या जाती फार पूर्वी वेगळ्या झालेल्या असल्यामुळे एका जातीचे प्रायमर दुसरीत बहुधा चालत नाहीत.

या खटाटोपाचे मोल इंग्लंडमधील पूल फ्रॉगने दाखवले. नॉरफकमधील हे बेडूक बाहेरून आणून सोडलेले असावेत, असा समज होता. कारण एकोणिसाव्या शतकात युरोपातून तसे बेडूक खरोखरच आणले गेले होते. पण जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या डीएनएचे नाते नॉर्वे-स्वीडनच्या समूहांशी जुळले. नरांच्या हाकेनेही तेच सांगितले. म्हणजे हा मूळचा रहिवासी होता, आणि हे ठरेपर्यंत तो तिथून नाहीसा झाला होता. २००५ पासून स्वीडनमधून बेडूक आणून नॉरफकमध्ये सोडण्यात आले.

पूर्वी नमुन्यासाठी बोटाचे टोक कापत; आता तोंडात बोळा फिरवून मिळालेल्या पेशीही पुरतात. डीएनए वाचण्याच्या नव्या अनुक्रमण तंत्रांमुळे एकेका अक्षरातील हजारो फरक एकदम वाचता येतात. पश्चिम घाटापुरत्याच सापडणाऱ्या इंडिराना बेडकांसाठीही मायक्रोसॅटेलाइट विकसित झाले आहेत.