ट्रॅक्टर लोड घेत नाही? आधी धूर बघा, मग पान्याला हात लावा

मे महिन्यात नांगरटीला लागलं की ही तक्रार हमखास ऐकू येते, रिकामा ट्रॅक्टर मस्त पळतो पण नांगर जमिनीत गेला की दम सोडतो. त्यात ट्रॅक्टर वीस-पंचवीस वर्षं जुना, ३५-४० एचपीचा, बिनटर्बोचा (जादा हवा कोंबणारा टर्बो नसलेला) असला की निदान गावात तयारच असतं, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोला. थांबा जरा. इंजिन खोलणं हा सगळ्यात महागडा उपाय आहे आणि कितीतरी वेळा दोष शे-दोनशे रुपयांच्या वस्तूत निघतो, फक्त तो शोधायला इंजिन आत काय करतं ते माहीत पाहिजे.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडायला प्लग नसतो. पिस्टन नुसती हवा आत घेतो आणि साधारण १६ ते १८ पट दाबतो, त्या दाबानेच हवा ५०० अंशांच्या वर तापते, मग नॉझलमधून डिझेलचा धुक्यासारखा फवारा आत येतो आणि आपोआप पेटतो. म्हणजे ताकद हवी तर हवा पुरेशी, डिझेल पुरेसं आणि वेळेवर, आणि दाब पक्का, तिन्ही पाहिजे. लोड आला, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) पडायला लागला की डिझेल पंपातला गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारा भाग, डिझेल वाढवतो, पण त्याला हवेचं काही कळत नाही. एअर क्लीनर चोंदलेला असला तरी तो बिचारा डिझेल वाढवतच राहतो, आणि अर्धवट जळलेलं डिझेल सायलेन्सरमधून काळाकुट्ट धूर होऊन बाहेर पडतं.

आता सगळ्यात आधी एक साधी गोष्ट बघा, लोडवर इंजिनचा आवाज बसतो की नाही. आवाज आहे तसाच, आरपीएम टिकून आहे आणि ट्रॅक्टर मात्र हळू झाला, तर इंजिन बरोबर आहे, क्लच प्लेट घसरतेय नाहीतर चाकं स्लिप होतायत. दुसरं, हातातला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण ओढा आणि पंपाकडे जाऊन बघा, पंपावरचा लिव्हर स्टॉपरच्या बोल्टला टेकतोय का. जुन्या ट्रॅक्टरची लिंकेज झिजलेली असते, इकडे फुल वाटतं आणि तिकडे लिव्हर अर्ध्यातच असतो.

मग धूर. लोडवर काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी, किंवा नॉझल फवारा न मारता थेंब गाळतंय. निळसर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा येत असेल तर डिझेल न जळताच बाहेर येतंय, म्हणजे दाब कमी किंवा टायमिंग मागे (डिझेल उशिरा फवारलं जातंय), आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर हेड गॅसकेटकडे, म्हणजे इंजिनच्या हेडखालच्या पॅकिंगकडे बघा. आणि ताकद नाही पण धूरही नाही, तर मला सगळ्यात आधी डिझेलच्या लाइनचा संशय येतो, कारण जळायला डिझेलच पोचत नसेल तर धूर होणार कशाचा.

हवा किती लागते याचा अंदाज लोकांना नसतो. १ किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण १४.५ किलो हवा लागते, हिशोब केला तर १ लिटर डिझेलला कमीत कमी १०,००० लिटर हवा, आणि प्रत्यक्षात धूर टाळायचा तर त्याहूनही जास्त. एवढी हवा उन्हाळ्यात धुळीच्या लोटातून ओढली जाते. ऑइल बाथ एअर क्लीनर (हवेतली धूळ ऑइलमध्ये पकडणारा) असेल तर खालची वाटी सोडून बघा, तळाशी चिखल बसलेला असतो, नांगरटीच्या दिवसात हे रोज बघायचं काम आहे. वाटीत ऑइल खुणेच्या वर भरू नका, त्याने हवा अडते. शिवाय १५ अंशांच्या थंडीपेक्षा विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हात तेवढ्याच जागेत जवळपास ९ टक्के हवा कमी मावते, म्हणून उन्हाळ्यात थोडा फरक पडणं साहजिक आहे, निम्मी ताकद जाणं मात्र नाही.

डिझेलची लाइन टाकीच्या झाकणापासून बघा. झाकणाला हवा आत जायला बारीक छिद्र असतं, ते मातीने बुजलं की टाकीत व्हॅक्यूम होतो आणि तासभर चाललेला ट्रॅक्टर गुदमरायला लागतो. तसं झालं की झाकण सैल करा, लगेच सुधारला तर दोष सापडला. मग टाकीच्या कॉकची जाळी, वॉटर सेपरेटरची वाटी, फिल्टर, फीड पंप (टाकीतलं डिझेल पुढे ढकलणारा छोटा पंप). कुठे वॉशरमधून एअर धरत असेल तर हँड प्रायमर (फीड पंपावरचा हाताने दाबायचा दट्ट्या) मारत फिल्टरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं पाहिजे. ते थांबतच नसतील तर मागे टाकीपर्यंत एकेक जोड तपासा.

पुढची टेस्ट मला फार आवडते कारण तिला एका पान्याशिवाय काही लागत नाही. इंजिन आयडलला ठेवा, एका नॉझलच्या पाइपचा नट पंपाच्या बाजूने किंचित सैल करा, तो सिलिंडर काम करत असेल तर इंजिन लगेच अडखळतं. नट आवळून पुढचा घ्या. जिथे सैल करूनही काही फरक पडत नाही तो सिलिंडर नुसता ओझं म्हणून फिरतोय. तीनपैकी एक गेला म्हणजे ताकद तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त पडते, कारण उरलेल्या दोघांना त्यालाही ओढावं लागतं. हे करताना नटावर फडकं धरा आणि चालू इंजिनच्या फवाऱ्यापुढे हात कधीच नेऊ नका, २०० बारच्या आसपासच्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं, जखम टाचणीएवढी दिसते पण बोट कापायची वेळ येऊ शकते, लगेच दवाखाना गाठायचा.

मेलेल्या सिलिंडरचं नॉझल आधी टेस्टरवर लावून बघा आणि टॅपेटचं गेज, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तपासा. दोन्ही बरोबर निघाले तरच कॉम्प्रेशनची, म्हणजे दाबाची, शंका घ्या. ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) भकाभका वाफ येतेय, ऑइल फिलरचं झाकण काढलं की इंजिन आतून फुंकर मारतंय, सकाळी सेल्फ लांबवर मारावा लागतोय, हे सगळं एकत्र दिसलं तर मग रिंगा-लायनरची गोष्ट खरी आहे.

पंपाचं सील तोडून डिझेल वाढवून घेणं, हा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. हवा तेवढीच असताना जादा डिझेल काळा धूर आणि उष्णताच देतं, ऑइलही लवकर खराब होतं आणि शेवटी पिस्टन जातो. पंपातल्या प्लंजरची (डिझेल दाबणाऱ्या दट्ट्याची) फट दोन-तीन मायक्रॉनची, म्हणून तो उघड्यावर खोलायचा नाही, कॅलिब्रेशन बेंच (पंप तपासून जुळवायचं मशीन) असलेल्याकडेच द्यायचा, आणि काढायच्या आधी पंपाच्या फ्लँजवरची टायमिंगची खूण नीट बघून ठेवायची, नसेल तर छिन्नीने मारून घ्यायची.