गडावर सापडलेली शिशाची गोळी नेमकी कधीची?

पन्हाळा, सामानगड, भुदरगड परिसरात पावसानं माती धुपून एखादी शिशाची गोळी वर आली, की तोंडातून पहिला शब्द निघतो तो ‘शिवकालीन’. सिद्दी जौहरचा १६६० चा वेढा इथं पोराटोरांना पाठ आहे, त्यामुळे ते साहजिकच. पण या डोंगरांत त्यानंतरही दोनशे वर्षं बंदुका वाजत होत्या, आणि गोल गोळी तर त्याहूनही पुढे टिकली.

१८४४ चं गडकऱ्यांचं, म्हणजे गडांची राखण करणाऱ्या वतनदारांचं, बंड घ्या. गडकऱ्यांच्या जमिनींचा कारभार मामलेदारांकडे द्यायचं ठरलं आणि किल्ले पेटले. ऑक्टोबरात सामानगड पडला. १ डिसेंबरला इंग्रजांनी तोफांनी तट फोडून पन्हाळा घेतला आणि पुढे गडाचा ‘चार दरवाजा’ नावाचा दरवाजा पाडून टाकला. म्हणजे एकाच गडाच्या मातीत १६६० चं शिसंही असू शकतं आणि १८४४ चंही. दोन्ही गोलच!

फरक मापात सापडतो. तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीनं दारू पेटवणाऱ्या देशी बंदुकांना ठरलेलं माप नव्हतं. नळीप्रमाणे साचा, म्हणून गोळ्या लहानमोठ्या. कंपनी सरकारच्या पायदळाची ‘ब्राउन बेस’ बंदूक मात्र एका मापाची. तिची नळी पाऊण इंचाची, गोळी त्याहून थोडी लहान, सुमारे साडेसतरा मिलिमीटर. वजन ३१-३२ ग्रॅम, जुन्या भाषेत पावणेतीन तोळे. जाडी मोजायचं व्हर्नियर आणि सराफाचा काटा एवढ्यावर हे तपासता येतं. गोळी उजेडात फिरवली तर साच्याच्या दोन पाळ्या जुळल्याची बारीक रेघ दिसते, आणि शिसं ओतलेल्या जागी तोडलेला देठ. वर बसलेला पांढुरका थर घासून काढण्याचा मोह टाळावा. त्याच्याबरोबर या खुणाही जातात. चपटी गोळी कुठंतरी आदळलेली. गोलच राहिलेली बहुधा न उडवता हातातून पडलेली.

गोल म्हणजे जुनीच, असं धरलं की सगळ्यात मोठी फसगत होते. १८५७ च्या ३१ जुलैला कोल्हापुरात २७ व्या पलटणीनं उठाव केला. देशभरातल्या उठावानंतर इंग्रजांनी देशी शिपायांच्या हाती मुद्दाम आटे (नळीच्या आतल्या पिळदार खाचा) नसलेल्या, ०.६५६ इंच नळीच्या बंदुका दिल्या. गोऱ्या पलटणी पुढच्या रायफली वापरत असताना आपले शिपाई पुन्हा गोल गोळीवर आले. शिकारीची ठासणीची बंदूक तर अजून संपलेली नाही. चोरट्या शिकारीच्या बातम्यांत ती आजही असते. म्हणून एकट्या गोल गोळीवरून शतक सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. ती तटाच्या आत होती की बाहेर, किती खोल, शेजारी आणखी काय होतं, यावर काळ ठरतो. गोळी खिशात घातली की हा पुरावा कायमचा गेला.

लांबट गोळ्यांचं काम सोपं. १८५३ च्या एन्फिल्डची गोळी बुडाशी पोकळ असते आणि अंगावर नळीच्या तीन आट्यांचे ठसे उमटतात. १८७१ च्या मार्टिनी-हेन्रीचे सात. १८९५ नंतरच्या थ्री-नॉट-थ्री ली-एन्फिल्डचे पाच, तेही डावीकडे वळणारे. शिशावर धातूचं कवच असेल तर शिवकाल सोडाच, १८५७ सुद्धा विसरा. पितळी पुंगळीच्या बुडावर ‘के एफ’ असेल तर ती खडकीच्या कारखान्याची. तो सुरूच झाला १८६९ मध्ये.

पन्हाळा संरक्षित स्मारक आहे, आणि २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत. तिथं मेटल डिटेक्टर घेऊन उकरणं हा गुन्हाच. सहज दिसलेल्या गोळीचा जागेवरच, शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून फोटो घ्यावा आणि पुरातत्त्व खात्याला कळवावं. न उडालेलं काडतूस दिसलं तर हातही न लावता पोलिसांना बोलवावं. जुनी दारू कधी पेट घेईल याचा भरवसा नसतो.