'आमच्या खेळात औषधाचा काय उपयोग?'

सांगलीत उत्तेजकांचा विषय निघाला की तो तालीम, वेटलिफ्टिंग आणि जिम यांच्यापुढे जात नाही. मिरजेत फुटबॉल खेळणारी, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर सामने बघायला जाणारी पोरं या बाबतीत निर्धास्त असतात. फुटबॉल पायाचा आणि डोक्याचा खेळ; सुई टोचून कुणाला पास देता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. गंमत म्हणजे युरोपातले बडे खेळाडू आणि खुद्द फिफाचे वैद्यकीय प्रमुखही वर्षानुवर्षं साधारण हेच सांगत आले: एखादा चुकार सापडेल, पण आमच्या खेळात पद्धतशीर डोपिंग नाही. फुटबॉलचा स्वतःचा इतिहास मात्र या म्हणण्याला फारशी साथ देत नाही.

१९२५ साली इंग्लंडमध्ये वेस्ट हॅमविरुद्धच्या कप सामन्याआधी आर्सेनल क्लबचे व्यवस्थापक लेस्ली नाइटन यांनी संघाला 'हिमतीच्या' गोळ्या दिल्या. धुक्यामुळे सामना पुढे ढकलला गेला आणि गोळ्या घेतलेले खेळाडू कोरड्या घशाने, अंगात वारं शिरल्यासारखे तळमळत राहिले. ही हकिकत नाइटन यांनी पुढे स्वतःच लिहिली, आणि त्यात शरमेचा सूर नाही. तेव्हा नियमच नव्हता, मग लपवायचं कशाला? १९३० च्या दशकात तिथल्याच वुल्व्ज क्लबचे व्यवस्थापक मेजर बकली यांनी खेळाडूंना प्राण्यांच्या ग्रंथींच्या अर्काची इंजेक्शनं दिली. प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं, संसदेपर्यंत गेलं. त्या इंजेक्शनांनी खरंच काही व्हायचं का, हा वेगळा प्रश्न. बकलींना प्रसिद्धी भरपूर मिळाली, एवढं नक्की.

१९५४ च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनीने बलाढ्य हंगेरीला हरवलं. नंतर त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये सुया वापरल्याचं बाहेर आलं आणि संघातल्या कित्येकांना कावीळ झाली. ते जीवनसत्त्व 'क' होतं, असं संघाचे डॉक्टर म्हणाले. संशय अजून मिटलेला नाही आणि पुरावाही मिळालेला नाही.

या सगळ्यात खेळाडू कुठे आहे? रांगेत. वर कोणीतरी ठरवतं, डॉक्टर देतो, तो घेतो. आपल्याकडे वस्ताद जो खुराक सांगेल तो पैलवान मुकाट्याने पोटात घालतो, तसंच. मला वाटतं, फुटबॉलपटूंच्या वृत्तीचं मूळ या आज्ञाधारकपणात जास्त आहे आणि फसवेगिरीत कमी.

विश्वचषकात तपासणी सुरू झाली १९६६ मध्ये. पहिला सापडला तो १९७४ साली हैतीचा अर्न्स्ट जाँ-जोसेफ. दम्याचं औषध घेतलं, असं तो सांगत राहिला. त्याच्याच देशाच्या अधिकाऱ्यांनी त्याला मारहाण करून मायदेशी पाठवलं. १९७८ मध्ये स्कॉटलंडचा विली जॉन्स्टन अडकला. १९९४ मध्ये तर खुद्द मॅराडोना, इफेड्रिनमुळे. तिघंही झटपट तरतरी आणणाऱ्या द्रव्यांतच सापडले. जगाला धक्का बसला तो मॅराडोनामुळे, पण 'फुटबॉलमध्ये औषधं चालतात' असा अर्थ कुणी काढला नाही. सगळ्यांनी 'मॅराडोना तसाच' एवढंच म्हटलं आणि विषय सोडला.

खरं पितळ उघडं पडलं इटलीत. १९९८ च्या उन्हाळ्यात रोमा क्लबचे प्रशिक्षक झ्डेनेक झेमन म्हणाले की फुटबॉलने औषधाच्या दुकानातून बाहेर यावं. चौकशी लागली. रोमच्या प्रयोगशाळेत फुटबॉलपटूंच्या लघवीचे नमुने यायचे, पण त्यांत स्नायू वाढवणारी अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड शोधलीच जात नव्हती, हे त्यातून निघालं. तपासायचंच नाही तर सापडणार कसं? प्रयोगशाळेला टाळं लागलं, इटलीच्या ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. युव्हेंटस क्लबमध्ये २८१ प्रकारची औषधं सापडली. २००४ मध्ये क्लबच्या डॉक्टरला शिक्षा झाली, पुढच्या वर्षी अपिलात तो सुटला. आपण युव्हेंटसमध्ये क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पूरक पावडर) घेत होतो, असं फ्रान्सचे नामवंत खेळाडू झिदान यांनी न्यायालयात सांगितलं. क्रिएटिनवर बंदी नव्हती आणि नाही. तरी तीन आकडी औषधांचं कपाट धडधाकट तरुणांना कशाला लागतं, हा झेमन यांचा मूळ प्रश्न त्या निकालाने सुटला नाही.

खेळाडूंना काय वाटतं, हे थेट विचारलेलं फार कमी वेळा सापडतं. इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंची एक पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ७०६ जणांनी उत्तरं दिली. ताकद-दम वाढवणारी द्रव्यं घेणारा खेळाडू आपल्या ओळखीचा आहे, असं ६ टक्के म्हणाले. नशेची द्रव्यं घेणारा ओळखीचा आहे, असं ४५ टक्के. एक तृतीयांशाहून जास्त जणांची मागच्या दोन वर्षांत एकदाही तपासणी झाली नव्हती. आकडे ओळखीच्यांचे आहेत, स्वतःच्या कबुलीचे नाहीत, हे लक्षात ठेवून वाचावेत. पण तपासणीची धास्ती नव्हती, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

संघटनांनाही घाई नव्हती. खेळाडूने रोजचा ठावठिकाणा कळवायचा, हा वाडाचा (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचा) नियम २००९ मध्ये फिफा आणि युरोपीय फुटबॉल संघटना युएफाने धुडकावला. आर्सेनलचे आर्सेन वेंगर यांच्यासारखा एखादाच प्रशिक्षक उघड बोलायचा. दुसऱ्या क्लबांकडून आलेल्या काही खेळाडूंच्या रक्तात दम वाढवणाऱ्या लाल पेशी संशयास्पद जास्त असतात, असं ते २००४ मध्येच म्हणाले होते. २०१५ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर क्रोएशियाच्या डिनामो झाग्रेब क्लबचा खेळाडू तपासणीत सापडला, तरी तो विजय झाग्रेबकडेच राहिला, कारण संघावर कारवाईसाठी दोनहून जास्त खेळाडू सापडावे लागतात.

अलीकडची प्रकरणं मात्र वेगळ्या जातीची आहेत. कोलो टुरेने बायकोच्या वजन कमी करण्याच्या गोळ्या घेतल्या, ओनानाने चुकून बायकोचं औषध, पापू गोमेझने पोराचं खोकल्याचं सिरप; निदान त्यांनी कारणं तरी हीच दिली. नियम सरळ आहे: शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, हेतू काहीही असो. हेतूवरून शिक्षा कमी होते, इतकंच. फ्रान्सच्या पोग्बाची चार वर्षांची बंदी २०२४ मध्ये दीड वर्षावर आली ती तशीच.

आता आपल्याकडे. २०२३ मध्ये भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले आणि ३.८ टक्के दोषी निघाले. मोठ्या संख्येने तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यात जास्त. गावोगावच्या स्पर्धांत मात्र तपासणीची बाटली कुणी बघितलेलीच नसते. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात मेफेन्टरमाइनच्या बेकायदा इंजेक्शनांचे साठे पकडल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत येत आहेत. मिरज दवाखान्यांचं गाव. भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब वर आणायला हे औषध वापरतात, हे इथं पुष्कळांना माहीत असतं. ते अँफेटॅमिनच्या कुळातलं आहे आणि वाडाच्या यादीत उत्तेजकांमध्ये मोडतं, हे जिममध्ये 'दम वाढतो' म्हणून ते टोचून घेणाऱ्याला सहसा कुणी सांगत नाही. हृदयाचे ठोके बिघडवायला ते पुरेसं आहे. फुटबॉलच्या नव्वद मिनिटांत दमच तर लागतो, त्यामुळे 'आमच्या खेळात उपयोग नाही' हे पालुपद इथं मला तरी पटत नाही. औषध चालतं की नाही हे बघायला नाडाने (भारताच्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने) 'नो युवर मेडिसिन' (Know Your Medicine) नावाचं अ‍ॅप काढलंय, आणि खेळाडूने सर्दीची गोळीसुद्धा आधी त्यात तपासून मगच घ्यावी.