चादरीची किंमत गिऱ्हाईक ठरवतं तेव्हा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या कारखानदाराने दिवाळीआधी चादरी ऑनलाइन विकायला काढल्या. वेबसाइट भाच्याने केली होती, दिसायला झकास. महिन्याभरात एक विचित्र ऑर्डर आली. चादर ११०० रुपयांची, जमा झालेले ११ रुपये. सूट नाही, कूपन नाही. भाचा म्हणाला, "मामा, फॉर्ममध्ये सगळं तपासलंय की!"

तपासलं होतं खरं, पण कुठे?

मोबाइल नंबर दहा आकडी हवा, पिनकोड सहा आकडी, नग किमान एक, ही सगळी तपासणी त्याने पानासोबत येणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिली होती, म्हणजे ती गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये चालायची. पद्धत जुनीच आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझरसाठी ही भाषा पहिल्यांदा उभी केली, ती अवघ्या दहा दिवसांत. तेव्हा मोडेमच्या कूर्मगतीने फॉर्म सर्व्हरपर्यंत, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या दूरच्या संगणकापर्यंत पाठवायचा, आणि पिनकोड राहिला एवढंच ऐकायला ताटकळायचं, याचा लोकांना वैताग यायचा. चूक जागच्या जागी दाखवणं हे या भाषेचं सुरुवातीचंच एक काम. पुढे वेबपानं लिहायच्या भाषेची नवी आवृत्ती, एचटीएमएल ५, आल्यावर साध्या तपासण्या ब्राउझर स्वतःच करू लागला.

सोलापुरात हे समजावणं सोपं आहे. यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग तिथेच थांबतो. तरीही चादर घडी घालायला गेली की तिथे ती पुन्हा उलगडून बघतातच. भाच्याने पहिली सोय केली, दुसरी केलीच नाही. आणि मागाचा दाखलाही इथे थोडा लंगडा पडतो, कारण माग कारखान्यात असतो आणि ब्राउझर गिऱ्हाइकाच्या घरी. तिथे मालक तो.

पानावर किमतीचा एक न दिसणारा रकाना होता. नुसता न दिसणारा, कुलूपबंद नव्हे. संगणकावर एफ-१२ दाबलं की पानाची आतली बाजू उघडते. तिथे ११०० चे ११ करायला दहा सेकंद लागतात. ब्राउझर नसला तरी अडत नाही. 'कर्ल'सारख्या साधनाने फॉर्मची माहिती थेट सर्व्हरकडे धाडता येते. सर्व्हरच्या हाती पडतो तो फक्त मजकूर. तो वाटेत कुणी तपासला होता की नव्हता, याची खूण त्यावर नसते.

म्हणून गिऱ्हाइकाकडून किंमत घ्यायचीच नाही. कोणती चादर आणि किती नग, एवढंच घ्यायचं. भाव सर्व्हरने आपल्या वहीतून काढायचा. शेवटची चादर दोघांनी एकाच क्षणी मागवली तर ती कुणाला, हेही तिथेच ठरणार. ब्राउझरला गोदामातलं काय ठाऊक?

म्हणजे ब्राउझरमधली तपासणी काढून टाकायची का? मुळीच नाही. ती गिऱ्हाइकाचा वेळ वाचवते, फक्त तिला राखणदार समजू नये. आणि दोन्हीकडची मतं जुळायला हवीत, ही गोष्ट मला सगळ्यात नाजूक वाटते. फोनवर मराठी कीबोर्ड असलेल्या बाईंनी पिनकोड '४१३००१' असा टाकला तर? 'इथे अंक हवा' असं सांगायची जी खूण नियमात लिहितात, तिला जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी अंक चालतात. सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या पायथन भाषेत तीच खूण देवनागरी अंकही मानते; कन्नड आणि तेलुगूसुद्धा. नियम अक्षर न अक्षर सारखा, पण ब्राउझर नाही म्हणतो आणि सर्व्हर हो. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या गावात ही काही दूरची शक्यता नाही. अशा वेळी 'चुकीचा पिनकोड' म्हणून लाल अक्षरांत डाफरणं मला उद्धटपणा वाटतो. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी शून्य ते नऊ ओळीने बसवलेले आहेत, एका वजाबाकीत त्यांचे इंग्रजी अंक होतात. ते करून घ्यावं आणि पुढे जावं.

कारखानदाराने ११ रुपये परत केले, चादर काही पाठवली नाही. भाच्याने भाव सर्व्हरवर नेला आणि मला म्हणाला, "आता बघा." मी बघितलं. एफ-१२ दाबून 'किमान एक नग' ही अट काढली आणि एक चादर व प्रत्येकी ३०० रुपयांचे उणे तीन टॉवेल मागवले. एकूण आली २०० रुपये.

त्याला लगेच फोन लावला.