ग्रीक शिल्पाला पांढरा रंग कोठून आला?

ग्रीक शिल्प म्हटले की पांढरेशुभ्र, गुळगुळीत संगमरवर आणि बुबुळे नसलेले डोळे नजरेसमोर येतात. हे रूप ग्रीक शिल्पकारांनी योजलेले नव्हते. ते नंतरच्या काळात, कधी अपघाताने आणि कधी हट्टाने घडत गेले. या शिल्पांचे सौंदर्य मनापासून समजून घ्यायचे असेल, तर हा इतिहास ठाऊक असणे मला फार महत्त्वाचे वाटते.

इसवी सनपूर्व सहाव्या शतकातील ग्रीक तरुणाचा पुतळा दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, मुठी आवळून ताठ उभा असतो. इसवी सनपूर्व ४८०च्या सुमारास मात्र काहीतरी मुळापासून बदलले. अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीवर सापडलेला, ‘क्रिटिऑसचा मुलगा’ म्हणून ओळखला जाणारा संगमरवरी पुतळा पाहावा. त्याचा भार डाव्या पायावर आहे, उजवा गुडघा किंचित वाकला आहे, त्यामुळे डावा नितंब जरासा वर उचलला गेला आहे आणि मान थोडी वळली आहे. आपल्या मूर्तिशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर समभंगातून (सरळ, ताठ उभे राहणे) आभंगाकडे (शरीराला किंचित बाक देऊन उभे राहणे) टाकलेले हे पाऊल आहे. फरक बोटभर असेल, पण तेवढ्याने दगडात श्वास आल्यासारखा वाटतो.

पुढे पॉलिक्लायटस या शिल्पकाराने शरीराच्या अवयवांची परस्परांशी असलेली प्रमाणे निश्चित करून भालाधारी तरुणाचा प्रसिद्ध पुतळा घडवला. तो ब्रॉन्झचा होता. त्या काळातील बहुतेक श्रेष्ठ पुतळे ब्रॉन्झचेच होते आणि धातू पुन्हा वापरता येतो म्हणून नंतरच्या शतकांत ते वितळवले गेले. आज भालाधारी दिसतो तो रोमन काळातील संगमरवरी प्रतिकृतींमधून, ज्यांत पायाशी झाडाचा बुंधा कोरलेला असतो. ओतीव, पोकळ ब्रॉन्झ घोट्यांवर तोलून उभे राहू शकते. भरीव दगडाला टेकू लागतो. तो बुंधा मूळ कल्पनेचा भाग नव्हे, हे कळले की तो वगळून पुतळा पाहता येतो. मूळ ब्रॉन्झ कसे दिसत असे, याची कल्पना १९७२ साली इटलीच्या रिआचे गावाजवळ समुद्रात सापडलेल्या दोन योद्ध्यांवरून येते: ओठ तांब्याचे, डोळे वेगळे घडवून बसवलेले आणि एकाच्या किंचित उघड्या ओठांतून दिसणारे दात चांदीचे.

संगमरवरी पुतळेही पांढरे नव्हते, रंगवलेले असत. ॲक्रोपोलिसवर १८८६ साली सापडलेल्या तरुणीच्या पुतळ्यावर रंगाचे अवशेष आजही आहेत. रोमन लेखक प्लिनी सांगतो की, ग्रीक शिल्पकार प्रॅक्सिटेलिसला स्वतःच्या संगमरवरी कृतींपैकी कोणत्या सर्वांत प्रिय, असे विचारले असता त्याने निकियास या चित्रकाराचा हात लागलेल्या कृती सांगितल्या. पण शतकानुशतके ऊनपावसात आणि मातीत राहून रंग उडाले, आणि रोममध्ये १५०६ साली सापांच्या विळख्यात सापडलेल्या लाओकोऑन या पुरोहिताचा शिल्पसमूह जमिनीतून निघाला तेव्हा युरोपने उघड्या संगमरवरालाच आदर्श मानले. या आदर्शाला शास्त्राचे रूप दिले ते जर्मन कलाभ्यासक योहान विंकेलमान यांनी. ‘उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता’ हे ग्रीक कलेचे त्यांनी १७५५ साली केलेले वर्णन आजही उद्धृत केले जाते. शरीर जितके शुभ्र तितके सुंदर, असेही त्यांनी पुढे लिहिले. विंकेलमान ग्रीसला कधीच गेले नव्हते; त्यांनी पाहिल्या त्या मुख्यतः रोममधील प्रती. तरीही शिल्पासमोर थांबून त्याचा घाट शब्दांत पकडण्याची सवय त्यांनी युरोपला लावली, हे ऋण मान्य करायलाच हवे.

शुभ्रतेच्या या ओढीने प्रत्यक्ष इजाही झाली. ब्रिटिश म्युझियममधील, अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या काही शिल्पांचा मूळचा मधासारखा पृष्ठभाग १९३०च्या दशकात तांब्याच्या हत्यारांनी घासून पांढरा करण्यात आला. त्याच शिल्पांपैकी आयरिस देवतेच्या कमरपट्ट्यावर अलीकडे विशेष प्रकाशचित्रणातून निळ्या रंगाचे कण आढळले.

मुंबईत हे सौंदर्य पोहोचले ते प्लास्टरच्या प्रतिकृतींच्या रूपाने. १८५७ साली सुरू झालेल्या सर ज. जी. कला विद्यालयात विद्यार्थी ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटन करीत. मूळ ब्रॉन्झ, त्यावरून रोमन संगमरवर आणि त्यावरून प्लास्टर, इतक्या पायऱ्या ओलांडूनही शरीराचा तोल आणि वस्त्राची जाण त्यांच्यापर्यंत पोहोचली. याच विद्यालयात शिकलेल्या गणपतराव म्हात्रे यांनी १८९६च्या सुमारास, विशीच्या आसपासच्या वयात, ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प घडवले. अंगालगत बसणाऱ्या वस्त्राच्या चुण्यांतून आतल्या शरीराची घडण दाखवणे हे ग्रीकांचे कौशल्य. म्हात्रे यांनी ते देवळाच्या वाटेवर निघालेल्या मराठी तरुणीच्या लुगड्यात उतरवले.