साल नव्हे, घटक: स्पर्धा परीक्षेच्या साहित्याच्या मांडणीची पार्श्वभूमी

पुण्यात सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा, एक कोपरा ठरलेला असतो. अभ्यास संपवून गेलेल्या मुलामुलींनी मागे ठेवलेल्या झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग केलेल्या नोट्स, टेस्ट सिरीजचे गठ्ठे. वर मार्करने एवढंच लिहिलेलं: ‘राज्यसेवा मुख्य, २०१७’. गावाहून नवा आलेला मुलगा सुरुवातीचे कित्येक दिवस या ढिगातच हरवतो. खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे घरून येत असतात, म्हणून ते दिवस वाया गेलेले बघवत नाहीत.

हा ढीग कुणाच्या आळसामुळे साचला नाही. परीक्षाच बदलत गेली आणि प्रत्येक बदलाबरोबर जुनी मांडणी मोडत गेली.

राज्यसेवा परीक्षा घेणारा महाराष्ट्र लोकसेवा आयोग १९६० पासूनचा. पूर्व, मुख्य, मुलाखत ही आज सगळ्यांच्या तोंडी असलेली घडी मात्र केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेत कोठारी समितीच्या शिफारशींनंतर १९७९ मध्ये बसली. २०११ साली केंद्राच्या पूर्वपरीक्षेत सीसॅट, म्हणजे आकलन आणि बुद्धिमापनाचा पेपर, आला, २०१३ मध्ये तो राज्यसेवेतही आला. त्याच सुमारास, २०१२ पासून, राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेतले सामान्य अध्ययनाचे चारही पेपर वस्तुनिष्ठ झाले, प्रत्येकी १५० गुणांचे. वैकल्पिक विषय गेले. उत्तरं लिहिण्याच्या वह्या मागे पडल्या आणि चार पर्यायांच्या प्रश्नांचे गठ्ठे वाढू लागले.

या गठ्ठ्यांचा सगळ्यात मोठा घोळ उत्तरांचा आहे. आयोग आधी पहिली उत्तरतालिका देतो, उमेदवारांकडून हरकती मागवतो, मग अंतिम उत्तरतालिका येते. मधल्या काळात काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. झेरॉक्स मात्र बहुतेक वेळा पहिल्या तालिकेनंतर लगेच निघालेली असते. राज्यव्यवस्थेच्या एका गठ्ठ्यात मी रद्द झालेल्या प्रश्नासमोर पेन्सिलीने केलेली ‘बरोबर’ची खूण पाहिली आहे. आमच्या अभ्यासिकेत तो गठ्ठा तीन बॅचेसनी वापरला होता. म्हणून प्रश्नाशेजारी परीक्षेचं नाव, साल आणि ‘अंतिम’ हा शब्द, या तीन गोष्टी असल्याशिवाय आता आम्ही काहीही कपाटात ठेवत नाही.

मग आला सगळ्यात मोठा धक्का. मुख्य परीक्षा पुन्हा लेखी, म्हणजे सविस्तर उत्तरं लिहिण्याची, करण्याचं आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलं. तयारीला वेळ मिळावा म्हणून २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली. नव्या रचनेत निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन, प्रत्येकी २५० गुणांचे. मुलाखतीसह एकूण २०२५ गुण. ‘मानव संसाधन विकास व मानवी हक्क’ असा जुना स्वतंत्र पेपर होता. तो त्या नावाने उरला नाही. त्याचा जाडजूड गठ्ठा निरुपयोगी झाला असं सगळ्यांना वाटलं. पण सोडवून बघितला तर आरोग्य, शिक्षण, महिला, आदिवासी, आयोग आणि कायदे हे सगळं नव्या पेपरांत कुठे ना कुठे लागतंच.

यातूनच माझं मत पक्कं झालं: कपाट पेपरनुसार लावू नये, सालानुसार तर नाहीच, घटकानुसार लावावं. पंचायत राज हा घटक राज्यसेवेत येतो आणि गट ब, गट क पदांच्या संयुक्त परीक्षेतही येतो. पेपरचा क्रमांक बदलला तरी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती तीच राहते.

लेखी उत्तरांचं काम अजून अर्धवट आहे. त्यांना उत्तरतालिका नसते. तपासणाऱ्याने समासात लिहिलेला शेरा हीच त्यांची किंमत, आणि झेरॉक्समध्ये नेमकी समासाची कड कापली जाते. त्यामुळे सध्या आम्ही मूळ वह्याच मागून घेतो आणि पान उघडं ठेवून मोबाइलवर फोटो काढतो, शेऱ्यासकट.